नंबराचा कागद आपल्या हातात हवा

(वागळे इस्टेट परिसरातील महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेले भाषण. बोलण्याचा ओघ कायम ठेवून थोडे संपादन केले आहे.)

आजच्या बैठकीचा विषय ठरवताना आपल्यातच थोडी कुरबुर झाली. "रेशनचा प्रश्न आहे, पाण्याचा आहे, घरातल्या मारहाणीच्या केसेस पडून आहेत, आणि तुम्ही चष्म्यावर काय बोलणार?" असे एकीने विचारले. प्रश्न रास्त आहे. चष्मा हा काय चळवळीचा विषय झाला? त्याचे उत्तर आधी देते. मग चष्मा कुठे, कोणाकडून, कसा घ्यायचा या व्यवहाराच्या गोष्टींकडे वळते.

आपला हा भाग कामगारांचा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे उद्घाटन १ ऑगस्ट १९६२ रोजी याच वागळे इस्टेटमध्ये झाले. त्यानंतरच्या साठ वर्षांत इथे मोठे कारखाने आले, त्यातले कितीतरी बंद झाले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पण आतल्या रस्त्यांवरच्या गाळ्यांमध्ये अजूनही बायका काम करतात. सोल्डरिंग, असेंब्ली, पॅकिंग, शिलाई, चेकिंग. आणि किसननगर, इंदिरानगर, लोकमान्यनगरच्या घराघरांत पीसवर काम चालते. कोणी कपड्यांचे धागे कापते, कोणी खड्यांचे दागिने जोडते, कोणी टिकल्या कार्डावर चिकटवते. ही सगळी कामे हाताची म्हणून ओळखली जातात, पण ती डोळ्यांचीही आहेत. डोळा चुकला की हात चुकतो.

या वस्त्यांमध्ये काम करताना माझ्या लक्षात एक गोष्ट यायला लागली. काम सुटलेल्या बाईला "का सोडलंत?" असे विचारले की उत्तरे ठरावीक येतात. "सुपरवायझर कटकट करायला लागला." "माझा माल परत यायला लागला." "संध्याकाळी डोकं फार दुखायचं." वय विचारले की बेचाळीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस. "डोळ्यांनी दिसत नव्हतं" असे मात्र सहसा कोणी सांगत नाही, कारण ते त्यांना स्वतःलाच माहीत नसते.

एका ताईंचे सांगते. नाव सांगत नाही, युनिटचेही नाही. सोळा वर्षे त्या एकाच ठिकाणी बारीक सोल्डरिंग करत होत्या. नव्या मुलींना शिकवणाऱ्या त्याच. मग चुका व्हायला लागल्या. आधी त्यांना सोल्डरिंगवरून पॅकिंगला टाकले, ओव्हरटाईम बंद केला, पुढे झाडलोटीला लावले आणि एका शनिवारी "सोमवारपासून येऊ नका" म्हणून सांगितले. ताई म्हणाल्या, "माझे डोळे चांगले आहेत हो, नाक्यावरून बसचा नंबर वाचते मी." खरेच वाचत होत्या. त्यांचा लांबचा नंबर शून्य होता. गटातल्या बायकांनी आग्रह करून तपासायला नेले तेव्हा कळले, फक्त जवळचा नंबर होता, अधिक पावणेदोन. त्या नंबराचा चष्मा काही शे रुपयांत झाला. त्याच चष्म्याअभावी सोळा वर्षांचे काम गेले होते, आणि वर "हाताला वळण राहिलं नाही" हा ठपका बसला तो वेगळाच.

म्हणून चष्मा हा आपला विषय आहे. ज्या बाईची रोजी डोळ्यांवर चालते तिच्यासाठी चष्मा हे कामाचे हत्यार आहे. सुताराला पटाशी लागते, तशी चाळीस ओलांडलेल्या शिलाईवालीला काच लागते.

आपल्या भाषेत या चष्म्याला 'चाळिशी'च म्हणतात. शब्द अगदी बरोबर आहे. डोळ्याच्या आत एक भिंग असते. तरुणपणी ते लवचीक असते. जवळचे पाहायचे झाले की आकार बदलते. वयाबरोबर ते कडक होत जाते आणि चाळिशीच्या आसपास जवळचे अंधुक दिसायला लागते. हा आजार नाही, अशक्तपणा नाही, गाजर खाऊन तो जात नाही. पुरुषांना, बायकांना, डॉक्टरांना, मालकांना, सगळ्यांना हे होते. मालक मात्र पहिल्या महिन्यात चष्मा करून घेतो.

यावर नीट अभ्यास झालेले आहेत. आसाममध्ये चहाची पाने तोडणाऱ्या, चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आले. तोडणी करणाऱ्या बहुसंख्य बायकाच होत्या. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची तोडणी इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. पन्नाशीपुढच्यांमध्ये हा फरक सुमारे ३२ टक्के होता. बांगलादेशात ग्रामीण कष्टकऱ्यांमध्ये असाच अभ्यास झाला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ महिन्यांनंतर चष्मा मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त होती. पीसवर काम करणाऱ्या बाईने याचा हिशेब स्वतःच्या वहीत करून पाहावा.

जगाचा २०२० चा अंदाज असा आहे की ११० कोटी माणसांना दृष्टीची काही ना काही अडचण आहे, आणि त्यात सुमारे ५५ टक्के स्त्रिया आहेत. त्या ११० कोटींपैकी ५० कोटींहून अधिक जणांची अडचण फक्त जवळच्या चष्म्याने सुटणारी आहे. मग बायकांनाच का मिळत नाही? उत्तर आपल्या घरात आहे. आधी नवऱ्याचा चष्मा होतो, मग मुलाचा, मग सासऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन. बाईची पाळी आली की "पुढच्या महिन्यात बघू." तपासायला जायचे तर कामावर खाडा पडतो. घरी पीसवर काम करणारीचाही तेवढा माल राहतो. शिवाय चष्मा लावला की वय कळते, "म्हातारी झालीस" म्हणतात. तरुण मुलीला तर चष्मा लावू देत नाहीत, का तर बघायला येणारे नकार देतील. फळ्यावरचे न दिसता मुलगी नापास झाली तरी चालते, फोटोत चष्मा नको. आपल्या गटांमध्ये यावर बोलले पाहिजे.

आता व्यवहाराचे.

पहिली गोष्ट, डोळे कोण तपासते हे समजून घेऊ. आपण सगळ्यांनाच 'डोळ्यांचे डॉक्टर' म्हणतो, पण तिथे वेगवेगळी माणसे असतात. नेत्रतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे डोळ्यांचे शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते आजार ओळखतात, औषध देतात, ऑपरेशन करतात. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे नंबर तपासण्याचे पदवीचे शिक्षण घेतलेली व्यक्ती. नंबर काढायला ते योग्य असतात, आणि काही आजार दिसला तर त्यांनी डॉक्टरांकडे पाठवायला हवे. २०२१ च्या एका केंद्रीय कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश मान्यताप्राप्त आरोग्य व्यवसायांत केला आहे. तिसरा चष्मेवाला. काच कापणे, फ्रेममध्ये बसवणे, काड्या वाकवून कानावर नीट बसवणे हे त्याचे कसब. ते कमी दर्जाचे नाही, पण ते तपासणीचे काम नाही. काही दुकानांत ऑप्टोमेट्रिस्ट असतो, काही दुकानांत मालकाचा पुतण्या मशीनसमोर बसवतो. "तपासणारे काय शिकलेत?" असे विचारायला लाजू नका. चांगला माणूस सरळ उत्तर देतो.

आणि मशीनचे एक सांगते. हनुवटी टेकवून आत चित्र बघायचे मशीन असते, त्यातून चिठ्ठी निघते. ती चिठ्ठी म्हणजे अंतिम नंबर नव्हे. तो अंदाज. त्यानंतर डोळ्यांवर जड फ्रेम ठेवून एकेक काच बदलत, "ही बरी की ती बरी" असे विचारत नंबर पक्का करायचा असतो. लांबच्या तक्त्यावर वेगळा, जवळच्या मजकुरावर वेगळा, आणि दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा. नुसत्या मशीनच्या चिठ्ठीवर चष्मा बनवून देत असतील तर तिथून उठा. अक्षरे वाचता येत नसतील तर तसे सांगा. चित्रांचा किंवा आकृत्यांचा तक्ता असतो. अक्षरओळख नाही म्हणून तपासणी होत नाही, असे कधीही होत नाही.

दुसरी गोष्ट, जायचे कुठे. ज्यांच्या युनिटमध्ये दहा किंवा जास्त माणसे आहेत आणि ज्यांचा पगार विम्याच्या मर्यादेत आहे (१ जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा महिना २१,००० रुपये झाली) त्यांचे ई.एस.आय. असायला हवे. २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. वागळे इस्टेटमध्येच कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे, आपण त्याला कामगार हॉस्पिटल म्हणतो. आपल्या पगारातून पैसे कापून जातात आणि आपण तपासणीला मात्र दुकानात जातो, असे होता कामा नये. कुटुंबातली माणसेही त्यात येतात. डोळ्यांची ओपीडी कोणत्या दिवशी, कुठे बसते, ते आधी विचारून घ्या, म्हणजे खाडा फुकट जाणार नाही. पैसे कापले जातात पण कार्ड दिलेले नाही, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी बैठकीनंतर थांबावे, आपण अर्ज लिहू.

ज्यांचे ई.एस.आय. नाही, म्हणजे घरकाम करणाऱ्या, घरी पीसवर काम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, त्यांच्यासाठी सिव्हिल, म्हणजे विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत केले गेले आहेत. जुन्या जागी नवी इमारत बांधायला घेतल्यावर सिव्हिल २०२३ मध्ये मनोरुग्णालयाच्या परिसरात हलवले गेले. म्हणून डोळ्यांचा विभाग सध्या कुठे आहे ते विचारा आणि मगच रिक्षा करा. महापालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. गुंतागुंतीच्या तक्रारीसाठी मुंबईचे जे. जे. आहेच. मोतीबिंदूचे ऑपरेशन राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत मोफत होते. हा कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या खाजगी रुग्णालयांनाही १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून ही योजना लागू आहे. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा आणि तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. ते काम माझ्याच पेशातल्या लोकांचे आहे, म्हणून हक्काने सांगते, त्यांना विचारा.

सरकारी ठिकाणी रांग असते, वेळ जातो, कधीकधी बोलणेही तुटक असते. हे नाकारून उपयोग नाही. म्हणून एकटीने जाऊ नका. चौघीजणी एकत्र गेल्या की एक रांगेत, एक केसपेपर काढायला, एक मुले सांभाळायला असे जमते, आणि तुटक बोलणाराही जरा नीट बोलतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तपासणी कुठेही करा, नंबराचा कागद मागून घ्या. पुष्कळ दुकानांत "तपासणी फुकट" अशी पाटी असते. तपासतात, नंबर वहीत लिहून घेतात आणि आपल्याला फक्त फ्रेम दाखवतात. नंबर त्यांच्या वहीत राहिला की आपण त्यांच्या दुकानाला बांधलो गेलो. भाव काय लावतील तो द्यायचा. कागद हातात असला की तीन दुकाने फिरता येतात. तपासणीचे वेगळे पैसे मागितले तर द्या, पण कागद घ्या.

त्या कागदावर काय असते? उजव्या आणि डाव्या डोळ्याचा नंबर वेगळा लिहिलेला असतो. उणे चिन्ह असेल तर लांबचे कमी दिसते. जवळच्या चाळिशीचा नंबर अधिक चिन्हाचा असतो, तो 'ॲड' म्हणून खाली लिहितात. सिलेंडरचा नंबर असेल तर त्याच्यापुढे अंशांचा आकडाही हवा. तो आकडा चुकला तर चष्मा घालूनही रेघा तिरक्या दिसतात आणि डोके दुखते. आणखी एक माप लागते, दोन बुबुळांमधले अंतर. ते मिलीमीटरमध्ये लिहायला सांगा. कागदावर तारीख, तपासणाऱ्याचे नाव आणि सही पाहिजे. घरी आल्यावर मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.

तपासायला जाताना एक सुतळी घेऊन जा. हो, सुतळी. आपण कामाला बसतो तेव्हा डोळ्यापासून कामापर्यंत जेवढे अंतर असते तेवढी सुतळी कापून घ्या. जवळचा नंबर साधारणपणे हातात पुस्तक धरून वाचण्याच्या अंतरावर काढतात. पण खडे जोडणारी बाई काम नाकाजवळ धरते, मशीनवर शिवणारीची सुई त्याहून लांब असते. त्या सुतळीच्या अंतरावर स्वच्छ दिसेल असा नंबर द्या, असे सांगा. तपासणाऱ्याला याचा राग येत नाही, उलट त्याचे काम सोपे होते.

आता दुकान. काचेची किंमत वेगळी आणि फ्रेमची वेगळी विचारा, बिलातही वेगळी लिहून घ्या. स्वस्त चष्म्याची काच वाईट असते असे नाही. नंबर साधा असेल तर साधी प्लास्टिकची काच पुरते. पैसे जातात ते फ्रेमच्या नावावर आणि काचेवरच्या थरांवर. चकाकी कमी करणारा थर काहींना ट्यूबलाईटखाली बरा वाटतो, परवडला तर घ्या. 'ब्ल्यू कट' मात्र आवर्जून नाकारा. मोबाईलच्या निळ्या प्रकाशाने मुलांचे डोळे बिघडतील असे सांगून आयांच्या गळ्यात ही काच मारतात. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने यावरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या, आणि अशा काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असा पुरावा मिळाला नाही. तेच पैसे मुलाच्या नीट तपासणीवर घाला.

दोन नंबर असणाऱ्यांना दुकानदार बिनरेघेची महागडी प्रोग्रेसिव्ह काच सुचवतो. ऑफिसात बसणाऱ्याला ती सोयीची असेल. दिवसभर एकाच जागी वाकून काम करणाऱ्या बाईला नुसत्या जवळच्या नंबराचा वेगळा चष्मा स्वस्तही पडतो आणि त्यातून दिसणारा भागही मोठा असतो. रेघेच्या बायफोकलमध्ये खाली पाहिले की पायरी अंधुक दिसते. आपल्याकडचे लोखंडी जिने आठवा. बायफोकल घेतला तर पहिले काही दिवस जिना उतरताना मान खाली घालून, काचेच्या वरच्या भागातून पायरी बघा.

फ्रेम घेताना दिसण्याआधी बसते कशी ते पाहा. हसल्यावर गालाला टेकते का, खाली वाकल्यावर घसरते का, कानामागे रुतते का. ताब्यात घेताना कामाचा नमुना बरोबर न्या. सुईत दोरा ओवून पाहा. एक डोळा झाकून पाहा, मग दुसरा. "बनवलेला नंबर मशीनवर दाखवा" असे सांगा. दुकानात काचेचा नंबर मोजायचे मशीन असते, एका मिनिटाचे काम आहे. नवीन सिलेंडर नंबर असेल तर आठवडाभर जमीन खालीवर झाल्यासारखी वाटू शकते. त्यापुढेही चक्कर आली तर परत जा, कागद दाखवा. बिल असेल तर दुकानदाराला काच बदलून द्यावीच लागेल असा आग्रह धरता येतो. नाही ऐकले तर ठाण्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. आणि एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबराच्या चष्म्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलात तो किती लावला ते बघा.

स्टेशनबाहेर, आठवडी बाजारात तयार चाळिशी मिळते. ती घ्यावी का, असे खूपजणी विचारतात. त्याने डोळे बिघडत नाहीत. चष्मा लावल्याने नंबर वाढतो हाही गैरसमजच. पण तयार चष्म्यात दोन्ही काचा एकाच नंबराच्या असतात, सिलेंडर नसतो, बुबुळांचे अंतर आपले नसते. एकदा नीट तपासणी होऊन दोन्ही डोळ्यांचा जवळचा नंबर सारखाच निघाला, सिलेंडर नाही असे कळले, तर त्या नंबराची तयार चाळिशी अडीअडचणीला खुशाल घ्या. तपासणीऐवजी मात्र घेऊ नका. कारण काचबिंदू सुरुवातीला दुखत नाही, मधुमेहाने पडद्यावर होणारे बदल दिसत नाहीत. ते फक्त तपासणीत सापडतात, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

म्हणून काही वेळा चष्मेवाल्याकडे न जाता थेट डॉक्टरांकडे जायचे. अचानक दिसेनासे झाले, डोळा लाल होऊन दुखतो, दिव्याभोवती रंगीत वर्तुळे दिसतात, डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखे होते, कामावर डोळ्यात कण उडाला, तर त्याच दिवशी. मधुमेह असेल तर दरवर्षी पडद्याची तपासणी. घरात कोणाला काचबिंदू असेल तर तुमचीही. नंबर सारखा बदलत असेल तर आधी साखर तपासा. साखर वाढलेली असताना काढलेला नंबर साखर उतरली की चुकीचा ठरतो आणि पैसे वाया जातात. गरोदरपणातही नंबर थोडा हलतो, फारच अडल्याशिवाय तेव्हा नवा चष्मा करू नका. आणि लहान मुलाचा डोळा तिरळा वाटला किंवा एका डोळ्याने कमी दिसत असेल तर "मोठेपणी सुधारेल" म्हणून थांबू नका. आळशी डोळ्याचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत जितका लवकर तितका चांगला. मुलीच्या बाबतीतही, हे वेगळे सांगायला लागू नये.

आता शिबिरांविषयी. निवडणूक जवळ आली की आपल्या नाक्यानाक्यावर 'मोफत नेत्रतपासणी व चष्मे वाटप' असे फलक लागतात. जायला हरकत नाही. पण तिथे एका खोक्यातून चष्मे काढून वाटतात, फोटो काढतात, आणि पुढच्या महिन्यात तो चष्मा कुठल्यातरी ट्रंकेत पडलेला असतो. आपण गेलो तर तीन गोष्टी मागायच्या. नंबराचा कागद, ज्यांना आजार निघाला त्यांना पुढे कुठे पाठवणार त्याची चिठ्ठी, आणि चष्मा बसला नाही तर बदलून कोण देणार त्याचे नाव. फुकट मिळाले म्हणून चुकीचे घ्यायचे नाही. ते पैसे शेवटी जनतेचेच असतात.

शेवटचा मुद्दा मालकांचा. कामाच्या जागी पुरेसा उजेड असला पाहिजे आणि कण उडणाऱ्या कामावर डोळ्यांना संरक्षण दिले पाहिजे, हे १९४८ च्या कारखाने कायद्यात होते. कलम १७ आणि कलम ३५. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी होणार, असे सरकारने त्या वेळी जाहीर केले. नव्या संहितांबद्दल कामगार संघटनांचे आक्षेप आहेत, त्यावर वेगळी बैठक घेऊ. आपल्या गाळ्याला कोणता नियम लागतो ते तिथे किती माणसे आहेत यावर ठरते, तेही युनिटवार पाहावे लागेल. पण चाळिशीनंतरची तपासणी सरकारच कबूल करत असेल तर त्या तपासणीत डोळे आलेच पाहिजेत, ही मागणी आपण करायची. बाईच्या चुका वाढल्या तर तिला काढण्याआधी तिचे डोळे तपासा, ही दुसरी मागणी. आणि नंबराचा चष्मा म्हणजे संरक्षणाचा गॉगल नव्हे. प्रेसवर, ग्राइंडरजवळ काम करणाऱ्यांना चष्म्यावरून बसणारा गॉगल मालकानेच दिला पाहिजे.

मैत्रिणींनो, ठरावाची भाषा न करता कामे वाटून घेऊ. प्रत्येक गटाने आपल्यातल्या चाळिशीपुढच्या बायकांची यादी करावी, आणि चष्मा नाही म्हणून न तपासलेल्या मुलींचीही. त्यातून चार-चार जणींच्या तुकड्या करून सुट्टीच्या किंवा कमी कामाच्या दिवशी तपासणीला न्याव्यात. बचत गटांनी चष्म्यासाठी बिनव्याजी उचल द्यावी, दोन-तीन हप्त्यांत फिटेल एवढीच ती रक्कम असते. पंधरा-वीस कागद जमले की ते घेऊन दोन-तीन चष्मेवाल्यांकडे एकत्र भाव विचारू. एकटीला जो भाव सांगतात तो विसांना सांगत नाहीत. आणि कोणत्या दुकानाने कागद दिला, कोणी नाकारला, कोणी काच बदलून दिली, याची वही आपण ठेवू. ती वही पुढच्या बाईला उपयोगी पडेल.

पुढच्या बैठकीला येताना यादी आणा. आणि ज्या मघापासून माझ्या हातातला कागद लांब धरून वाचायचा प्रयत्न करताहेत, त्यांनी आपले नाव यादीत पहिले घालावे.